ॲक्युपंक्चरसाठी पहिल्यांदा येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात नवा पेशंट आला की खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारतो, "मॅडम, दुखेल का?" आणि लगेच, "किती दिवसांत फरक पडेल?" दोन्हीची उत्तरं मी देतेच, पण त्याआधी माझा एक प्रश्न असतो: आज काय खाल्लंय? तो का, ते खाली येईलच. इथले प्रश्न पेशंटनी विचारलेले आहेत. काही मी त्यांना विचारते, तेही घातले आहेत, कारण सुई कुठं लावायची हे तुमच्या उत्तरांवरच ठरतं.

सुया दुखतात का?

इंजेक्शनची सुई डोळ्यांपुढं आणू नका. ती आतून पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जायचं असतं. आमची सुई भरीव असते आणि तिच्यातून काहीही आत सोडलं जात नाही. आम्ही बहुतेक वेळा ०.२५ मिलिमीटर जाडीची सुई वापरतो, म्हणजे दंडात टोचतात त्या सुईच्या निम्म्याहूनही बारीक. ती प्लॅस्टिकच्या एका छोट्या नळीतून येते. नळी त्वचेवर टेकवायची, वरच्या टोकावर बोटानं टिचकी मारायची, की सुई आत जाते. टिचकीचा आवाज ऐकून "लावली का?" असं विचारणारे पेशंट रोज भेटतात.

खरी जाणीव त्यानंतर येते. सुई योग्य खोलीवर गेली की तिथं जड वाटतं, मुंग्या येतात, आतून कुणी ओढतंय असं वाटतं. चिनी वैद्य त्याला 'दे छी' म्हणतात. आमचे पेशंट म्हणतात, "आत भरल्यासारखं झालं." हे चालतं. पण चटका बसला, तीक्ष्ण कळ आली किंवा करंटसारखी सणक बोटांपर्यंत गेली, तर तिथल्या तिथं सांगा. सुई किंचित मागं घेतली की ते थांबतं. आमच्याकडं विडी वळणाऱ्या बऱ्याच बाया येतात. मांडीवर सूप घेऊन दिवसभर मान खाली घालून बसायचं आणि दुखलं तरी हात थांबवायचा नाही, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. त्या टेबलावरही सोसतच पडून राहतात. त्यांना मी पुन्हा पुन्हा सांगते: इथं सोसायचं नाही, बोलायचं.

रिकाम्या पोटी आलं तर चालतं का?

नाही. दीड-दोन तास आधी नेहमीचं जेवण किंवा पोटभर नाश्ता करून या. अगदी तट्ट जेवूनही नको.

काही वर्षांपूर्वी नवरात्रात एक बाई मानदुखीसाठी आल्या होत्या. पहिलीच वेळ. घटस्थापनेपासून त्यांचा उपास होता आणि त्या दिवशी सकाळपासून पोटात फक्त चहा. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मानेला सुया लावायच्या म्हणून मी त्यांना खुर्चीवर बसवलं. चौथी सुई लावली आणि त्या म्हणाल्या, "मॅडम, डोळ्यांपुढं अंधारी येतीय." वळून पाहिलं तर ओठ पांढरे पडलेले आणि कपाळावर घामाचे थेंब. चारही सुया काढल्या, त्यांना आडवं केलं, पायाखाली दोन उशा दिल्या. दहा मिनिटांनी रंग परत आला, मग लिंबू-साखरेचं पाणी दिलं. त्यांना पुढं काही झालं नाही, पण चूक माझी होती. तेव्हापासून केसपेपरवर नावाच्या खालची पहिली ओळ 'शेवटचं खाणं किती वाजता' ही असते आणि पहिल्या सिटिंगला कुणालाही बसवून सुया लावत नाही, आडवंच करतो.

कडक उपास असेल तर तारीख बदलून घ्या. रोजे असतील तर इफ्तारनंतरची वेळ मागा, आम्ही देतो. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी दोन वाजता दुचाकीवरून आलात, तर आधी पंख्याखाली बसा, पाणी प्या. सुया नंतर.

माझ्याबद्दल काय काय सांगायला हवं?

सगळं. "याचा माझ्या गुडघ्याशी काय संबंध?" असं वाटलं तरी सांगा.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, हे सगळ्यात आधी. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन अशी नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून आणा. गोळी चालू असली तर उपचार करताच येत नाहीत असं नाही. मात्र सुई किती खोल घालायची आणि काढल्यावर किती वेळ दाबून धरायचं, हे बदलतं. गोळी आपल्या मनानं बंद करून मात्र येऊ नका.

पेसमेकर असेल तर सुयांना मंद करंट देणाऱ्या मशीनच्या वायरी जोडत नाही. हृदयाची झडप बदललेली असेल, फिट येत असतील, निकेलची ॲलर्जी असेल (खोट्या दागिन्यांनी कान चिघळत असतील तर तीच शंका घ्यायची), तर तेही सांगा. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला आम्ही सुई लावत नाही.

शुगर असणाऱ्यांना मी एक जास्तीचा प्रश्न विचारते: पायातली चप्पल निसटली तर कळतं का? तळपायाची जाणीव कमी झाली असेल, तर तिथं शेकही नको आणि सुईही नको. भाजलं किंवा जखम झाली तरी तुम्हाला कळणार नाही, आणि शुगरच्या पायाची जखम किती चिघळते ते आपल्याकडं घरोघरी माहीत आहे.

आणि दिवस गेले असतील, किंवा नुसती शक्यता असेल, तर लाजू नका. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला 'हेगू' आणि घोट्याच्या वर आतल्या बाजूचा 'सानयिनजाव' हे बिंदू गरोदरपणात टाळायची जुनी प्रथा आहे, आम्हीही ती पाळतो. सासूबाई शेजारी असताना बोलता येत नसेल, तर सांगा, मी त्यांना दोन मिनिटं बाहेर बसवते.

सुया नव्याच असतात, हे कसं समजायचं?

स्वतः पाहून. प्रत्येक सुई निर्जंतुक करून सीलबंद पाकिटात येते, पाकिटावर मुदतीची तारीख छापलेली असते. ते तुमच्या समोर फोडलं जायला हवं. काढलेली सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जाते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टोकदार वस्तूंसाठी तोच डबा ठरवून दिलेला आहे. "तुमच्या सुया वेगळ्या ठेवतो, पुढच्या वेळी त्याच वापरू" असं कुणी म्हणालं, तर उठून बाहेर पडा. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही वापरलेल्या सुईतून पसरू शकतात. आमच्याकडंही पाकीट मागून बघा, आम्हाला राग येत नाही.

कोणत्या दुखण्यावर याचा उपयोग होतो?

मी फक्त पुरावा बरा आहे तेवढंच सांगते. मायग्रेन वारंवार होऊ नये म्हणून, ताणामुळं होणारी जुनी डोकेदुखी, जुनाट मानदुखी, गुडघ्याची झीज झाल्यावरची वेदना. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९९७ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनं ऑपरेशननंतरची आणि केमोथेरपीची मळमळ, तसंच दाताच्या ऑपरेशननंतरचं दुखणं यांवर उपयोग दिसतो असं म्हटलं होतं. मळमळीसाठीचा बिंदू मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर असतो.

कंबरेबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही, आणि ते लपवणं मला पटत नाही. ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत हे सुचवणारी 'नाईस' नावाची संस्था आहे. तिनं २०१६ मध्ये कंबरदुखी आणि सायटिकासाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असं सांगितलं. त्याच संस्थेनं २०२१ मध्ये, ठळक कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनांसाठी मर्यादित सिटिंग देऊन बघायला हरकत नाही, असं म्हटलं. म्हणून कंबरेच्या पेशंटला मी चालणं आणि व्यायाम आधी सांगते, सुया त्याच्या जोडीला.

उंची वाढवणं, वजन आपोआप उतरणं, शुगर मुळापासून घालवणं, ऑटिझम 'बरा' करणं या जाहिरातींवर पैसे घालवू नका. लेकरासाठी आईबाप कर्ज काढूनही येतात. त्यांना नाही म्हणणं मला फार जड जातं, तरी मी नाही म्हणते.

म्हणजे हे निव्वळ मनाचं समाधान आहे का?

या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत द्यायला गेलं की ते खोटं होतं.

जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ पेशंटवर एक मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका गटाला रीतसर ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला गोळ्या आणि फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के लोकांना ठरलेल्या मोजमापानुसार आराम होता, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के. आकडे दोन्हीकडं बोट दाखवतात. नेहमीच्या उपचारांपेक्षा सुया सरस ठरल्या, पण नेमका बिंदू गाठण्यानं फारसा फरक पडला नाही.

दुसऱ्या बाजूला, १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत असं दिसलं की नालॉक्सोन हे अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारं औषध दिलं, की ॲक्युपंक्चरनं मिळणारा आराम कमी होतो. म्हणजे शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं, त्याचा यात वाटा असावा. परंपरेतलं सांगणं वेगळं आहे: शरीरात 'ची' नावाचा प्रवाह मार्गांमधून फिरतो, तो अडला की दुखणं येतं. असे १४ मुख्य मार्ग आणि जागतिक आरोग्य संघटनेनं प्रमाण मानलेले ३६१ बिंदू आम्ही शिकतो. बिंदू शोधायला मला त्या नकाशाचा रोज उपयोग होतो. पण 'ची' कुठल्या यंत्रावर दिसते असं मी तुम्हाला सांगणार नाही.

किती सिटिंग लागतील?

जुन्या दुखण्याला साधारण आठ ते दहा, आठवड्यातून एक किंवा दोन. ब्रिटनच्या मायग्रेनच्या मार्गदर्शनातही पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सिटिंग असंच म्हटलंय. एका वेळी सुया वीस ते तीस मिनिटं राहतात.

पाचव्या-सहाव्या सिटिंगपर्यंत काहीच फरक नसेल, तर आम्ही थांबतो. फरक म्हणजे दुखणं पळालं असं नव्हे. रात्री किती वेळा जाग आली, जिना चढताना कठडा धरावा लागला का, विडीचा हजार पुरा करायला मधे किती वेळा उठावं लागलं, असं आम्ही लिहून ठेवतो आणि दर वेळी ताडून बघतो. वीस सिटिंगचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडं जाऊ नका.

एक्स-रेमध्ये मणक्यात गॅप दाखवलाय. तो भरून येईल?

नाही. सुईनं हाड, चकती, गुडघ्याची झिजलेली कुर्चा यांपैकी काहीही बदलत नाही. वेदना आणि स्नायूंचा ताठरपणा कमी होऊ शकतो. आणि एक धीराची गोष्ट: गॅप असूनही अजिबात न दुखणारी माणसं भरपूर आहेत, तेव्हा त्या एका शब्दानं हाय खाऊ नका.

गोळ्या बंद करता येतील का?

बीपी, शुगर, थायरॉईड, फिट, हृदय यांच्या गोळ्या आमच्या सांगण्यावरून कधीच बंद करू नका, आणि आम्ही तसं सांगणारही नाही. दुखण्याची गोळी हळूहळू कमी करता आली तर चांगलंच, पण तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून.

सकाळी उठल्यावर तोंड वाकडं झालंय, लगेच सुया लावता येतील का?

आधी हॉस्पिटल. हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडं तोंड वाकडं झालं की "वारं लागलं" म्हणतात आणि मग मालिश, लेप, सुया यांत दिवस जातात. तो पक्षाघात असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नुसती चेहऱ्याची नस सुजलेली असेल, ज्याला बेल्स पाल्सी म्हणतात, तर स्टेरॉईडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. आमच्याकडं पाचव्या दिवशी आलेल्या पेशंटला पाहून पोटात कालवतं. ते तीन दिवस परत आणता येत नाहीत. औषधं सुरू झाल्यावर मग सुयांचं बोलू.

आणखी कोणत्या त्रासात आधी दुसरीकडं जायचं?

छातीत दुखणं. अचानक, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. कंबरदुखीबरोबर लघवी अडणं, नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा किंवा पायातलं बळ जाणं. दुखण्यासोबत ताप आणि वजन उतरणं. पडल्यावरचं दुखणं, एक्स-रे न काढता. यांतलं काही असेल, तर आम्ही केसपेपरही न काढता चिठ्ठी देऊन पाठवतो.

जीभ कशाला बघता?

चिनी पद्धतीत जिभेचा रंग, थर आणि कडांवरचे दातांचे ठसे बघतात, मनगटाची नाडीही बघतात. म्हणून येण्याआधी पान खाऊ नका. खरं सांगायचं, तर जीभ बघता बघता तंबाखूनं आलेला पांढरा चट्टा दिसला, तर मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. असे पेशंट मी त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांकडं पाठवते.

चीनची ही विद्या आपल्याकडं आली कशी? डॉ. कोटणीसांनी आणली का?

सोलापुरात हे विचारलं जाणारच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच, जन्म १९१०. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. ते शल्यचिकित्सक होते, युद्धात जखमी झालेल्यांवर ऑपरेशनं करत. ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडंच गेले. ॲक्युपंक्चर भारतात आणण्याचं श्रेय त्यांच्या पथकातले सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांना आहे. ते पुढं पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ मध्ये परतून कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. कोटणीसांचं नाव अनेक ॲक्युपंक्चर केंद्रांना दिलंय ते या स्नेहातून. आमच्याही भिंतीवर त्यांचा फोटो आहे.

उपचार करणारा शिकलेला आहे, हे कसं ओळखायचं?

ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पुढं राहिला. २०१५ च्या त्या कायद्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आहे, तिच्याकडं नोंदणी होते. केंद्र सरकारनंही २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, ते भिंतीवरच असायला हवं. भिंतीवर मान्यवरांसोबतचे फोटोच असतील, तर पुन्हा विचारा.

विम्यातून पैसे मिळतात का?

बहुतेक नाही. ॲक्युपंक्चर 'आयुष'च्या यादीत मोडत नाही आणि यात ॲडमिटही व्हावं लागत नाही. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते कंपनीला विचारून घ्या.

ॲक्युप्रेशर, सुजोक, ड्राय नीडलिंग आणि हे, सगळं एकच का?

ॲक्युप्रेशरमध्ये सुई नसते, दाब असतो. सुजोक कोरियातून आलं, त्यात सगळं शरीर तळहात-तळपायावर मानतात. बोटाला मेथीचे दाणे चिकटवलेली माणसं बघितली असतील, ते हेच. ड्राय नीडलिंगमध्ये सुई आमच्यासारखीच, पण ती स्नायूच्या दुखऱ्या गाठीत घालतात, मार्ग-बिंदू मानत नाहीत.

कपडे कसे घालून येऊ?

सैल. गुडघ्याच्या वर आणि कोपराच्या वर सरकतील असे. साडी चालते. बांगड्या काढायला लावत नाही, वर सरकवून रुमालानं बांधतो. बाम, तेल, मलम चोळून मात्र येऊ नका.

घरी गेल्यावर काय काळजी घ्यायची?

थोडं गळून गेल्यासारखं किंवा झोप आल्यासारखं वाटतं. दुचाकीवर असाल तर पंधरा मिनिटं बाकावर बसून मग निघा. सुईच्या जागी एखादा निळा डाग पडतो, आठवडाभरात जातो. आंघोळ दोन तासांनी करा. त्या दिवशी दारू नको.

एक गोष्ट क्वचितच होते, पण माहीत हवी. खांद्याच्या वर किंवा पाठीत सुया लावल्यानंतर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, श्वास घेताना छातीत टोचलं, धाप लागली, कोरडा खोकला सुरू झाला, तर थेट हॉस्पिटल गाठा आणि "इथं सुया लावल्या होत्या" हे तिथल्या डॉक्टरांना सांगा. मान आणि खांद्याच्या मधल्या मांसाखाली फुप्फुसाचं टोक असतं. सुई प्रमाणापेक्षा खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडून हवा छातीत साठू शकते. मानदुखीच्या पेशंटला तिथं आम्ही सुई आडवीच घालतो, ती याच भीतीनं.

घरच्यांना आत येता येतं का?

जरूर यावं. आमच्याकडं तेलुगू बोलणाऱ्या पुष्कळ आज्या येतात. नात शेजारी स्टुलावर बसते, आजीचं ऐकते, मला मराठीत सांगते. तिला आम्ही एक काम देतो. सुया लावताना मोठ्यानं मोजायच्या, काढतानाही मोजायच्या. केसपेपरवर आकडा लिहिलेला असतो. परवा एका आजीच्या वेळी चौदा लावल्या होत्या आणि डब्यात तेराच पडल्या. नातच म्हणाली, "मॅडम, एक राहिली." केसांत होती, कानाच्या मागं.